मायक्रॉनबाईंचे मागचे ब्रेक

गाडी घसरली ती जेमतेम दहा-बारा फूट. मागच्या डाव्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं. उताराच्या शेवटच्या वळणावर बाईंनी पेडल दाबलं, गाडीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कचऱ्याच्या डब्याला जाऊन टेकली. डबा चेपला, बाईंना ओरखडासुद्धा आला नाही. पण बातमी गाडीपेक्षा जोरात घरंगळत खाली गेली आणि दुपारी चारच्या आत मुलगा, सून आणि धाकटे दीर बाईंच्या स्वयंपाकघरात कोर्ट भरवून बसले.

बाई म्हणजे मायक्रॉनबाई. बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवर उभ्या राहिल्या. माप मायक्रॉनभर, म्हणजे केसाहूनही बारीक, जरी चुकलं तरी तुकडा सरळ भंगारात, मग तो साहेबाने मागवलेला असो की साहेबाच्या साहेबाने. तिथल्या लोकांनी चिडून ठेवलेलं हे नाव बाईंनी मानाने मिरवलं आणि निवृत्त होताना घरीसुद्धा आणलं. आता वय सहासष्ट. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घर चढाच्या अगदी टोकाला, जिथे बस येत नाही आणि रिक्षावाला वर बघूनच मान हलवतो. गाडी गेली की घर गेलं, इतकी साधी गोष्ट होती.

"आई, खाली आमच्याकडे तुझी खोली तयार आहे," मुलगा म्हणाला. "व्यायामाचं मशीनसुद्धा बाहेर काढलंय."

"मला विचारून काढलंस?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी ना!"

आपल्या भल्याचा मक्ता दुसऱ्यांनी घेतला की बाईंचं डोकं फिरायचं. त्यांनी दिराकडे पाहिलं. भाऊजींचं स्वतःचं गॅरेज. तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून काढलेली.

"वहिनी, खरं सांगू का," भाऊजी म्हणाले, "मागे ड्रमचे ब्रेक आहेत. त्याचे पार्ट बनायचे बंद होऊन जमाना झाला. कितीही ठोकपीट करा, पुन्हा गळणार. गाडी भंगारात घाला आणि सुखाने राहा."

"मग ड्रम काढून डिस्क बसवते."

भाऊजी हसले. "या गाडीला मागे डिस्क कंपनीनेच कधी दिली नाही. आणणार कुठून?"

"दुसऱ्या गाडीची आणीन. दुसरीची नाही बसली तर तिसरीची."

मुलानेही हसून घेतलं आणि हसता हसता तोंडातून शब्द देऊन बसला, की मागचे ब्रेक तपासणी केंद्राच्या मशीनवर पास झाले तर आईने खुशाल वर राहावं, तो पुन्हा ब्र काढणार नाही. नापास झाले तर आईने गपचूप सामान बांधायचं. तपासणी तीन आठवड्यांवर होती. "कबूल," बाई म्हणाल्या आणि सुनेला साक्षीदार धरलं. सून म्हणाली, "मी ऐकलंय बरं का," आणि नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी बाई बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर पर्समध्ये टाकून जुन्या गाड्यांच्या भंगारवाल्याकडे गेल्या. चार दिवस त्याचं डोकं खाल्लं. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी थाळी, त्याच कंपनीच्या एका लांबड्या, वजनदार गाडीची जुळली. बोल्टची चारही भोकं बरोब्बर, फक्त मधलं भोक दोन मिलिमीटरने लहान. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा काढून धरतो तो कॅलिपर त्यांनी दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा उचलला, कारण त्याला हँडब्रेकचा खटका अंगचाच होता. हँडब्रेकची केबल मात्र एका मालवाहू व्हॅनची, कारण बाकी सगळ्या हातभर आखूड पडत होत्या.

"बाई, तीन घरच्या तीन सुना एका चुलीवर," भंगारवाला म्हणाला. "भांडतील."

"सासू मी आहे," बाई म्हणाल्या.

एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून त्यांनी डिस्कचं भोक स्वतः मोठं केलं. कॅलिपर धरायला जाड पट्टीचे दोन ब्रॅकेट स्वतः कापले, घासले, भोकं पाडली. वर्कशॉपचा मालक काम सोडून बघत उभा राहिला होता. एका परवानाधारक इंजिनिअरला घरी बोलावून सगळे भाग आणि आराखडा दाखवला आणि त्याच्याकडून बदलाचं पत्रही लिहून घेतलं, म्हणजे उद्या कोणी कागदावर बोट ठेवायला नको.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच अडलं. ज्या गाडीचे कॅलिपर आणले, तिच्यात ते ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, पुढच्या अंगाला बसत होते. बाईंच्या गाडीत पुढे स्प्रिंग आडवी येत होती, म्हणून त्यांनी ब्रॅकेट मागच्या अंगाला केले. इथवर ठीक. पण भंगारातून सुटे करतानाच त्यांनी दोन्ही कॅलिपरवर पांढऱ्या रंगाने 'डावा' आणि 'उजवा' असं लिहून ठेवलं होतं. टूलरूमची शिस्तच ती. तुकडा हातात आला की आधी खूण, मग बाकीचं. आणि खुणेवर विश्वास ठेवायचा, म्हणजे ठेवायचा. त्याप्रमाणे डावा डाव्या चाकाला बसला आणि उजवा उजव्याला. एखाद्या गबाळ्या मेकॅनिकने दोनदा उलटसुलट करून पाहिलं असतं. बाईंनी पाहिलं नाही, कारण खूण त्यांनी स्वतः केली होती.

मग ब्रेकमधली हवा काढायची पाळी आली. हे काम दोघांचं. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून कॅलिपरचा बारीक स्क्रू सैल करायचा. त्याला लावलेल्या नळीतून तेल येतं, तेलाबरोबर बुडबुडे येतात, बुडबुडे संपले की पेडल कडक होतं. सून सुट्टी काढून आली आणि पदर खोचून ड्रायव्हरच्या जागी बसली.

"दाब... धर... सोड."

"आई, याच्यापेक्षा जिमला गेले असते."

"दाब."

पहिल्या दिवशी पेडल पोचट. दुसऱ्या दिवशीही पोचट. पाय ठेवला की ओल्या गादीत गेल्यासारखा खाली. नळीतून बुडबुडा म्हणून दिसत नव्हता आणि तेलाचे दोन डबे संपले होते. बाईंनी एकेक नट तपासला, एकेक नळी पुसून पाहिली, कुठे गळती नाही. तपासणी पाच दिवसांवर आली. सुनेचाही धीर सुटत चाललेला बाईंना कळत होता. आणि खरं सांगायचं तर बाईही घाबरल्या होत्या. रिकाम्या घरात एकदा फिरून आल्या, उगाच कपाटं उघडली आणि पुन्हा लावली.

दुपारी भाऊजी डोकावले. दोन्ही चाकं काढलेलीच होती. ते चाकाशी उकिडवे बसले, मान वाकडी करून खाली पाहिलं, दुसऱ्या बाजूला जाऊन तिथेही तसंच पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"काम देखणं केलंय वहिनी. पण तीन गाड्यांची मोट बांधली की पेडल असंच राहायचं. नका मनाला लावून घेऊ."

चहा घेतला आणि गेले. सून म्हणाली, "जाऊ दे आई, आपण प्रयत्न तर केला."

बाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. भाऊजी दोन्ही बाजूंना खाली काय बघत होते, हे त्यांच्या मनात घोळत होतं. तीस वर्षांचा मेकॅनिक ब्रॅकेट बघत नाही, पाइप बघत नाही आणि दोनदा मान वाकडी करून एकाच ठिकाणी बघतो, म्हणजे काय? बाई फरशीवर पोतं टाकून आडव्या झाल्या आणि भाऊजींनी जिथे मान घातली होती तिथे मान घातली.

हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या तळाशी होता.

"अगं बाई!" त्या ओरडल्या. "अगं, हवा वर जाते! आणि मी तिला खालून काढायला बसलेय!"

पुढच्या अंगाचा कॅलिपर मागच्या अंगाला फिरवला की उलटा होतो, वरचा स्क्रू खाली येतो. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवायला हवा होता. हवा वरच्या पोकळीत मजेत बसलेली आणि या दोघी दोन दिवस नुसतं तेल उपसत होत्या. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि आपलीच खूण आपल्याला नडली. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजींनी हे पाहिलं होतं. पाहिलं आणि वर मोट बांधल्याची कीर्तनं सांगून चहा पिऊन गेले.

बाई तशाच, तेलकट हातांनी, चढ उतरून त्यांच्या गॅरेजात गेल्या. चालत.

"तुम्ही पाहिलंत."

भाऊजींनी पाना खाली ठेवला. खोटं नाही बोलले, एवढं मानायला हवं. "पाहिलं."

"मग तोंडाला कुलूप का?"

"बोललो असतो तर तुम्ही नीट केलं असतं, वहिनी." त्यांनी फडक्याला हात पुसले. "त्या दिवशी तो डबा तिथे नसता तर पुढे कठडासुद्धा नाहीये. मी जाऊन पाहून आलो. मला झोप लागत नाही. तुम्ही खाली या, एवढंच मला हवंय."

बाईंना क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

"माझी काळजी आणि माझ्याशीच लबाडी? पोचट ब्रेकवर मी उद्या गाडी काढली असती म्हणजे?"

"तुम्ही नसती काढली. तुम्ही मायक्रॉनबाई."

"हो ना? मग मी कोण ते ठाऊक असून मला खोलीत कोंबायला निघालात?" बाई म्हणाल्या. "चूक माझी होती, ती मी माझ्या तोंडाने दहा जणांना सांगेन. तुम्ही तुमची कोणाला सांगताय ते बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅलिपर उलटसुलट केले. सुनेने पेडल दाबलं तसे नळीतून फसफसून बुडबुडे आले आणि सून आतूनच किंचाळली, "आई, लागलं! कडक लागलं!" मग दोघींनी मोकळ्या मैदानावर गाडी नेली. मागच्या ब्रेकला जास्त जोर गेला तर गाडी मागून गर्रकन फिरते, म्हणून बाईंनी नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घातला होता. त्याचा स्क्रू पाव-पाव फेरा पिळत त्यांनी बावीस वेळा गाडी पळवली आणि थांबवली. तेविसाव्या वेळी गाडी नाकासमोर सरळ उभी राहिली तेव्हा त्यांनी स्क्रूला नट मारून तो पक्का केला.

तपासणीच्या दिवशी मुलगा आला, भाऊजीही आले. तपासनीसाने पत्र वाचलं, खाली वाकून पाहिलं, गाडीची मागची चाकं रोलरवर घेतली. आकडे पडद्यावर आले. डाव्या चाकाचा जोर एकशे एक्क्याऐंशी किलो, उजव्याचा एकशे ऐंशी. त्याने मशीन पुन्हा चालवून पाहिलं, कारण दोन्ही बाजू इतक्या सारख्या बघून त्याला वाटलं मशीनच बिघडलं. हँडब्रेकही पास.

"कोणत्या गॅरेजचं काम?"

"माझं," बाई म्हणाल्या.

भाऊजी पुढे सरले. "आणि यांची चूक दिसूनही मी मुद्दाम बोललो नव्हतो," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "माझ्या गॅरेजातसुद्धा इतकं चोख काम होत नाही."

 मुलाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "झकास झालं, आई. आता तरी गिऱ्हाईक मिळेल गाडीला."

बाईंना आधी कळलंच नाही. "गिऱ्हाईक?"

"अगं, म्हणजे... शब्द ब्रेकपुरता होता. ब्रेक झाले, मान्य. पण तुझं वय तर कमी होत नाही ना? आज ना उद्या—"

"थांब." बाईंनी त्याचा हात खांद्यावरून काढला. "ब्रेक नाहीत म्हणालास, ब्रेक केले. कागद नाही म्हणाला असतास, तोही आणलाय. आता वय काढतोस? वयाला कुठल्या गाडीचा पार्ट लागतो ते सांग, तोही आणते भंगारातून! तुला ब्रेकची भीती नव्हतीच. मी तुला नाही म्हणते, याची आहे."

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. माझा मुलगा शब्द कसा फिरवतो तेही बघू देत."

त्याची मान खाली गेली. त्याने हात मात्र पुढे केला, चावीसाठी, सवयीने. बाई त्या हाताला वळसा घालून गाडीत बसल्या. पलीकडचं दार उघडलं आणि सून बसली.

"तू कुठे?" मुलगा म्हणाला.

"साक्षीदार आहे मी," ती म्हणाली आणि पट्टा लावला.

भाऊजी मागचं दार उघडायला आले. बाईंनी काच खाली केली.

"तुम्ही चालत या, भाऊजी. खरं बोललात, ते ऐकलं मी. पण आज चालत या."

त्यांनी मुकाट्याने दार सोडलं. बाईंनी गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, हँडब्रेक सोडला.

"आई," सुनेने हळूच विचारलं, "कुठे जायचं?"

"घरी."

"कोणाच्या?"

"माझ्या," बाई म्हणाल्या आणि गाडी चढाच्या दिशेने वळवली.