बार्बाडोसमधली संकष्टी

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता क्षितिज आणि वल्लरी दोन बॅगा घेऊन सिंगापुरातल्या पुंगोलच्या फ्लॅटमधून विमानतळाकडे निघाले. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर आठ दिवस जायचं ठरलं होतं. "काही बघायचं नाही, काही करायचं नाही. वाळूत पडायचं आणि तिथलं मिळेल ते खायचं," असं क्षितिज सांगत होता. सात वर्षांच्या अश्लेषाला सांभाळायला त्याची आई, सुरेखाताई, पुण्याहून आल्या होत्या.

निघण्याआधी वल्लरी आत अश्लेषाची वेणी घालत होती, तेव्हा क्षितिजनं आईला स्वयंपाकघरात गाठून एक फॉर्म हातात दिला. पुण्यातल्या एका शाळेत जूनपासून प्रवेशाचा.

"अश्लेषानं दोन-तीन वर्षं तुझ्याकडे राहायचं ठरलंय. स्थानिक पालक म्हणून तुझी सही हवी. शुक्रवारपर्यंत स्कॅन करून शाळेला पाठव."

"वल्लरी काय म्हणते?"

"ठरलंय म्हटलं ना. पण तिच्याशी आत्ता बोलू नकोस. रडत बसेल, सुट्टी वाया जाईल."

सुरेखाताईंनी एकतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात प्रवेशाचे फॉर्म तपासले होते. या फॉर्मवर वडिलांची सही होती, आईच्या सहीची जागा कोरी होती. त्यांनी तो फ्रिजवर ठेवला. सही केली नाही.

सोमवारपासून घरच्या ग्रुपवर फोटो येऊ लागले. पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी, झाडाखाली रंगीत खुर्ची. नंतर ताटं. मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला लगदा आणि त्यावर तांबड्या रश्शातला उडता मासा. खाली वल्लरीचा मजकूर: "इथली खासियत! मस्त आहे." मंगळवारी भट्टीत भाजलेली मॅकरोनी आणि नीरफणसाच्या फोडी. पुन्हा वल्लरीच्याच फोनवरून, "आज माशाला सुट्टी!"

सुरेखाताईंनी चष्मा लावून फोटो मोठे केले. प्रत्येक फोटोत ताट एकच. ग्लास एक, काटा एक. समोर कोणी बसल्याची खूण नाही. वल्लरी तर कुठेच नव्हती.

क्षितिजचा व्हिडिओ कॉल रोज पहाटे सव्वासहाला यायचा, अश्लेषा शाळेच्या गणवेशात दूध पीत असताना. तिथे संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले असत.

"सेम टाइमच आहे आजी. ओन्ली डे-नाइट उलटं, लाह," अश्लेषानं पहिल्याच दिवशी आपल्या सिंगापुरी बोलीत समजावलं होतं.

"वल्लरीला दे जरा," सुरेखाताई म्हणायच्या.

सोमवारी ती आंघोळीला गेली होती. मंगळवारी बाजारात. बुधवारी पोहायला.

"एवढी पोहते? इथे खाली पोहायचा तलाव आहे, त्यात पाय घालत नाही ती."

"आई, सुट्टीत माणूस बदलतो."

"दोघांचा एक फोटो पाठव."

"काढणार कोण?"

"तिथे माणसं राहत नाहीत का?"

क्षितिज हसला आणि नेटवर्क गेलं. वल्लरी अश्लेषाशी रोज बोलायची, पण तासाभरानं, मुलगी बसची वाट बघत असताना, आणि कॅमेरा बंद ठेवून. रेंज नाही म्हणायची. आवाज मात्र शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ यायचा.

बुधवारी संकष्टी होती. सासू-सून दोघी हा उपास करत. एरवी सुरेखाताई पुण्यात असायच्या आणि सिंगापुरात चंद्र आधी उगवायचा, म्हणून वल्लरीचा मेसेज आधी यायचा. नऊ वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. त्या दिवशी सुरेखाताई फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या राहिल्या. आभाळ भरून आलं होतं. नऊ छत्तीसला फोन वाजला.

"आई, चंद्रोदय झाला. ढग आहेत, ॲपवर बघून सोडते. तुम्हीही जेवून घ्या."

"हो ग," असं टाइप करून त्या आत गेल्या, वरणभात जेवल्या आणि झोपल्या.

गुरुवारी अश्लेषाला बसमध्ये बसवून, घर आवरून त्यांनी पुन्हा चहा केला. सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ पस्तीस झाले होते. म्हणजे तिथे रात्रीचे नऊ पस्तीस.

मग काल रात्री?

त्यांनी मेसेज पुन्हा उघडला. वेळ नऊ छत्तीसच होती. त्या वेळी बार्बाडोसला सकाळ. लोक नाश्ता करत असतील.

चहा तसाच ठेवून त्यांनी वल्लरीला फोन लावला.

"आई? सगळं ठीक ना? अश्लेषा—"

"शाळेत आहे. काल उपास कधी सोडलास?"

"मेसेज केला की. साडेनऊ झाले होते, चंद्र..." वल्लरी थांबली.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"कुठे आहेस?"

"इथेच, क्लेमेंटीला. राधिकाकडे. आधी आम्ही एका ऑफिसात होतो."

"शनिवारपासून?"

"हो." वल्लरीचा आवाज खाली गेला. "क्षितिज आणि मी चार महिने कामापुरतंच बोलतोय, आई. चेक-इनच्या रांगेत वाटलं, आठ दिवस समुद्राकडे बघत याच्याशी काय बोलणार? मी बॅग घेऊन मागे फिरले. तो म्हणाला, मी जातो, तू तुझा विचार कर, पण आईला कळू देऊ नकोस. फोटो तो मला पाठवतो, मी ग्रुपवर टाकते."

"आणि माशाची चव?"

"नेटवर वाचून लिहिली."

"छान लिहिलीस. आता हे ऐक." सुरेखाताईंनी फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि शाळेच्या नावापासून वाचायला सुरुवात केली. विद्यार्थिनीचं नाव. इयत्ता. निवास, आजीकडे.

"कुठली शाळा?" वल्लरी मध्येच म्हणाली. "आई, हे काय आहे? कोणी भरलं?"

एवढ्यानं सुरेखाताईंना हवं ते कळलं. तरी त्यांनी विचारलं, "तुला खरंच माहीत नाही? शपथेवर सांगतेस?"

"अश्लेषाच्या शपथेवर नाही सांगणार. पण मला माहीत नाही. तुम्ही सही केलीत?"

"अजून नाही. घरी ये. येताना बॅग घेऊन ये."

वल्लरी दीड वाजता आली. शाळेतून आलेल्या अश्लेषाला आई दारात दिसली, तेव्हा तिनं आधी मागे कोणी आहे का ते पाहिलं.

संध्याकाळी साडेसहाला क्षितिजचा कॉल आला. त्याच्या मागे कोवळं ऊन आणि रिकामा किनारा. हातात नारळ होता.

"आई, फॉर्म गेला का? उद्या शेवटची तारीख."

"वल्लरी कुठे आहे?"

"झोपलीय अजून."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खोलीत."

सुरेखाताईंनी फोन थोडा वळवला. सोफ्यावर वल्लरी बसली होती, तिच्या मांडीवर अश्लेषाचं डोकं. क्षितिजच्या हातातला नारळ कॅमेऱ्याबाहेर गेला.

"तू सांगितलंस तिला?" त्यानं बायकोला विचारलं.

"तिनं नाही सांगितलं, मी शोधून काढलं," सुरेखाताई म्हणाल्या. "आणि फॉर्मचं मी तिला सांगितलं. ठरलंय म्हणालास. कोणाकोणाचं ठरलं होतं?"

"आई, आमचं काही खरं नाही. आम्ही वेगळे झालो तर तिची फरपट होणार. तुझ्याकडे सुखात राहिली असती."

"हे आईंना एकटं गाठून नाही, माझ्याशी बोलायचं होतंस," वल्लरी म्हणाली. "मी तिची आई आहे. शेजारीण नाही."

अश्लेषा उठून बसली. "बाबा, मम्मा आली. यू स्टिल देअर फॉर व्हॉट?"

क्षितिजनं तोंडावरून हात फिरवला. "येतो ग. लवकर येतो."

"लवकर म्हणजे कधी?" सुरेखाताईंनी विचारलं.

"बघतो ना, एअरलाइनला विचारून..."

"वार सांग."

"शनिवारी निघतो. सोमवारी पोहोचेन."

"मग सोमवारी दोघं बसून बोला. तुमचं जमो न जमो, तो तुमचा प्रश्न. पण आईच्या सहीशिवाय आमच्या ऑफिसात फॉर्म घेत नव्हतो, आणि मीही सही करणार नाही."

"उद्याची तारीख गेली तर जागा जाईल, आई."

"जाऊ दे," सुरेखाताई म्हणाल्या, आणि फोन त्यांनी वल्लरीच्या हातात दिला.