पिसं झडायचे दिवस

आईच्या वर्षश्राद्धाला गावी निघाले तेव्हा माझ्याबरोबर टोपलीत दोन कोंबड्या होत्या. काबरी आणि लाली. काबरीची मान उघडी पडली होती, लालीला शेपूट उरलं नव्हतं. मूल गावच्या बस स्टँडवर शेजारी बसलेल्या माणसानं टोपलीत डोकावून पाहिलं.

"बिमार हायेत वाटते मॅडम. कापून टाका लवकर."

"बिमार नाहीत," मी म्हणाले. "पिसं टाकताहेत."

हे वाक्य मी एक वर्ष उशिरा बोलत होते, आणि भलत्याच माणसापाशी.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या अलीकडे आहे. गेल्या वर्षी श्रावणात आईची किडनी बिघडली म्हणून तिला मी ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरवर आणलं. घराला कुलूप लावलं, कोंबड्या रुखमाबाईकडे सोपवल्या. रुखमाबाई कुंपणापलीकडची. गोंड. आईनं आणि तिनं तीस वर्षं एकमेकींच्या बांधीत धानाची रोवणी केली होती. मला ती लहानपणापासून "पोरी" म्हणायची.

दर शुक्रवारी सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ ती टोपली द्यायची. धानाच्या कोंड्यात रोवलेली अंडी, वर दोडके नाहीतर वालाच्या शेंगा. साडेअकराला मी ती स्टँडवरून आणायची. आईचं जेवण सुटत चाललं होतं, पण आपल्या कोंबडीचं उकडलेलं अर्धं अंडं ती खायची. बाजारच्या अंड्याला हात लावत नव्हती. मी एकदा फसवून पाहिलं, तिनं पहिल्याच घासाला ओळखलं.

भाद्रपदात अंडी कमी झाली. मग एका शुक्रवारी टोपलीत नुसते दोडके आले. मी रुखमाबाईला फोन केला.

"पोरी, कोंबड्या पाख टाकून राह्यल्या. आता थंडी लागेपर्यंत अंडे नाई."

मी आईला सांगितलं. आई गोळ्यांच्या गुंगीत होती. "टाकतच असतीन," ती म्हणाली. "दिवसच हायेत."

ते मी गुंगीतलं बोलणं समजले. मी ग्रंथालयात काम करते. दुसऱ्याच दिवशी कुक्कुटपालनावरची दोन पुस्तकं काढली आणि पिसं का गळतात ते पाहिलं. गोचीड, उवा, निकृष्ट खाद्य, रोग. पुढच्याच पानावर वार्षिक पिसगळीवर एक अख्खा परिच्छेद होता, तो मी वर्षभरानं वाचला. पहिल्या पानावर मला हवं ते मिळालं होतं.

आश्विन लागल्यावर आईची वाकळ आणायला मी गावी गेले. रुखमाबाई घरी नव्हती. तिच्या अंगणात तिच्या स्वतःच्या कोंबड्यांमध्ये आईच्या सहा कोंबड्या होत्या. माना सोललेल्या, पाठीवर साळिंदरासारखे काटे. जिकडेतिकडे कुजकी, माती लागलेली लाकडं पडली होती. ती लाकडं तिनं जंगलातून वाळवीसाठी आणली होती, पिसं भरून यायला कोंबडीला वाळवीसारखं खाणं नाही म्हणून. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. मला ती घाण दिसली. मी काबरीला पंखांना धरून उचललं. ती अशी ओरडली की हातातून सुटली. नव्या पिसाच्या देठात रक्त असतं, दाबलं की दुखतं.

आणि तिच्या दाराशी एका थाळीत सात अंडी ठेवलेली होती.

मी तशीच हापशीवर गेले. रुखमाबाई पाणी भरत होती. आणखी तीन-चार बायका होत्या, कानानं कमी ऐकणाऱ्या इंदुताई होत्या.

"आईच्या कोंबड्या अंडी देत नाहीत, तुमच्या देतात," मी म्हणाले. "एकाच अंगणात. आजारी बाईच्या तोंडचं काढून खायचं असेल तर सरळ सांगायचं ना."

हापशीचा दांडा थांबला. रुखमाबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"माह्या तलंगी हायेत, मॅडम. यंदाच्या."

एवढंच बोलून ती पुन्हा दांडा हलवू लागली. मॅडम ती मला पहिल्यांदाच म्हणाली होती, आणि माझं लक्ष तेवढ्यावरच राहिलं. तिचं उत्तर पूर्ण होतं. त्या वर्षीची तलंग, कोवळी कोंबडी, पहिल्या आश्विनात पिसं टाकत नाही, ती अंडी देत राहते. जुनी कोंबडी टाकते. कुठल्याही गावात हे पोरंसोरंही सांगतील. मी त्याच गावात वाढले होते.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आमच्या आळीतल्या एखाद्या काकूंच्या दाराशी ती थाळी असती, तर मी हापशीवर जाऊन असं बोलले असते का? नसते. आधी घरी बोलावलं असतं, चहा केला असता, आडून विचारलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी कोंबड्या तिच्याकडून काढून घेतल्या. चार गावातल्या नानाजीकाकांकडे ठेवल्या, दोन ऊर्जानगरला आणल्या. "रोगट आहेत," असं काकांना मीच सांगितलं, म्हणून त्यांनी त्या आठवडाभरात कापल्या.

"क्वार्टरमधी कोंबड्या?" प्रवीण म्हणाला. माझा नवरा पॉवर स्टेशनला आहे. "साहेबाच्या बंगल्यात शिरल्या तं माही बदली करशील तू."

आई मात्र हसली. मागच्या दारी खाट टाकायला लावली आणि दोघींकडे पाहत पडून राहिली. चार कुठे गेल्या, असं तिनं विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी टोपली आली नाही, आणि आईला भेटायला येते म्हणालेली रुखमाबाईही आली नाही. आईनं मला फोन लावायला सांगितला. तिचे हात थरथरत, म्हणून मी स्पीकर सुरू करून फोन तिच्या उशीशी धरला.

"काऊन वं रुखमा, येतो म्हनली होती ना?"

 

"धान कापनी लागली न बाई," रुखमाबाई म्हणाली. "उरकली की येतो."

मला सुटल्यासारखं झालं. आईनं "बरं" म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाली, "तू रुखमाले काही बोलली तं नाई?"

"नाही."

"बरं," ती पुन्हा म्हणाली, आणि खिडकी लावून घ्यायला सांगितली.

त्यानंतरही दर शुक्रवारी सकाळी चहा दिला की ती म्हणायची, "थांब जरा. बस साडेअकराले येते." बारा वाजले की पिऊन घ्यायची, गार झालेला.

कार्तिकात आई गेली. गावच्या घरी तेरवी केली, तेव्हा रुखमाबाई आली. कुंपणाशी उभी राहिली, फोटोच्या दिशेनं हात जोडले आणि न जेवता निघून गेली. मी तिला थांबवलं नाही.

यंदा भाद्रपदात काबरी आणि लालीनं अंडी बंद केली. मग मागच्या दारी पिसं दिसू लागली. आधी डोक्यावरची, मग मानेची, छातीची, पाठीची. क्वार्टरच्या मागे चोरणारं कोणी नव्हतं. खाणं मीच घालत होते, विकतचं, चांगलं. मी पायरीवर बसून ती पिसं वेचली आणि मग ते पुस्तक पुन्हा आणून पुढचं पान वाचलं.

पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसं असतात. ती एकदम जात नाहीत. पंखाच्या मधल्या एका आखूड पिसाशेजारून सुरुवात होते आणि एकेक करत टोकाकडे गळत जातात. त्याच क्रमानं नवी येतात. कोंबडीला न दुखवता पंख उघडला आणि नवी किती, जुनी किती हे पाहिलं, की तिनं अंडी कधी थांबवली ते मागे जाऊन सांगता येतं. म्हणजे गेल्या वर्षी पुरावा माझ्या हातातच होता. ओरडत होता.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन हापशीवर गेले. घरी जाऊन बोलणं सोपं गेलं असतं. पण बोलले होते हापशीवर.

रुखमाबाई होती. इंदुताईही होत्या. वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं.

"रुखमाबाई, गेल्या वर्षी मी तुमच्यावर अंड्यांचा आळ घेतला. तो खोटा होता. कोंबड्यांनी पिसं टाकली होती. चूक माझी होती."

 इंदुताईंनी कानामागे हात नेला.

"काय म्हनून राह्यली वं वच्छलाची पोरगी?"

बाकीच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. रुखमाबाई पाण्याचा गुंड भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"इंदुताईले ऐकू नाई आलं," ती म्हणाली. "तवा बराबर आलं होतं. तवा तुमी जोरात बोलल्या होत्या."

मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं. "आळ", "खोटा", "चूक माझी". मोठ्यानं म्हणताना ते पाठ केलेलं वाक्य फार नीटनेटकं वाटलं. इंदुताईंनी समजल्यासारखी मान हलवली. "हां, मंग. तलंगीच होत्या तिच्या. आमी पाह्यल्या नाई का?"

सगळ्यांना माहीत होतं.

रुखमाबाईनं गुंड बाजूला ठेवला, हात पुसले आणि टोपलीतून काबरीला काढलं. पंखांना न धरता, खालून तळहात घालून. मांडीवर घेऊन तिनं बोटानं पंख उलगडला.

"पाच नवे आले. पाच राह्यले." ती कोंबडीशीच बोलत होती. "बिचारीले वाळवी नाई भेटली तिकडं."

"आईला तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हणाले. "तुम्ही कापणीचं सांगितलंत म्हणून... आईला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याबद्दल..."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात सोपं गणित चुकलेल्या पोराकडे पाहावं तसं.

"आमचा धान जड, उशिरा पिकनारा. तवा गर्भात होता," ती म्हणाली. "कापनी दिवाळीच्या मागून लागते. तुमच्या मायनं पन्नास वर्सं रोवला हा धान. तिले नाई समजनार?"

हापशीच्या तोटीतून उरलेलं पाणी ठिपकत होतं.

"फोनवर मीनं कापनी म्हनलं, तवाच ती चूप झाली. मंग काही इचारलंच नाई तिनं मले."

मला विचारलं होतं. तू काही बोलली तर नाहीस ना, असं विचारलं होतं. उत्तर माहीत असताना विचारलं होतं, आणि मी "नाही" म्हणाले तेव्हा खिडकी लावून घ्यायला सांगितली होती. त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी तिनं तो चहा माझ्यासमोर गार होऊ दिला होता, आणि मी तो गरम करून देऊ का, असं विचारत होते.

पाठ करून आणलेलं वाक्य फक्त अंड्यांचं होतं. 

"यायला पाहिजे होतं तुम्ही," मी म्हणाले.

"येनारच होतो. लुगडं धुऊन ठेवलं होतं," रुखमाबाई म्हणाली. "मंग वाटलं, तुमच्या दारात काय म्हनून उभी राहू."

तिनं काबरीला टोपलीत ठेवलं, टोपली उचलली आणि आपल्या दुसऱ्या बाजूला, गुंडाशेजारी, सरकवली. म्हणजे कोंबड्या आता तिच्याकडे राहणार होत्या. मी आणल्या होत्या त्याच हेतूनं, पण द्यायचं मी बोलले नव्हते, आणि तिनंही मागितल्या नव्हत्या.

"दुपारी जेवायला याल?" मी विचारलं.

तिनं गुंड डोक्यावर घेतला, टोपली कमरेशी धरली.

"पाहीन," ती म्हणाली. चार पावलं गेली आणि थांबली. मान वळवता येत नव्हती म्हणून समोर पाहतच बोलली. "थंडी लागली की अंडे देतीन ह्या. टोपली नाई पाठवीन मी आता. पाहिजेत तं स्वता येऊन नेजा, मॅडम."