काचेमागची थरथर

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. दाखवणं हे माझं काम, बोलणं नव्हे. बोलता आलं असतं तर एका बाईंची नोकरी वाचली असती. तेव्हा नाही जमलं, निदान आज तरी माझं ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर एका हसऱ्या डोळ्याचं चित्र होतं आणि खाली छापलं होतं, 'डोळ्यांना आराम'. मला त्याचा केवढा तोरा! पण माझी एक गोष्ट खोक्यावर छापलेली नव्हती. माझ्या काचेमागे दिव्यांची रांग आहे. उजेड पूर्ण ठेवला की ते अखंड जळतात. उजेड कमी केला की मात्र ते खरे मंद होत नाहीत. भराभर विझतात आणि पेटतात, एका सेकंदात शेकडो वेळा. उजेड जितका कमी, तितका विझलेला वेळ जास्त. डोळ्यांना हे दिसत नाही, नुसतं सौम्य वाटतं. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही. काहींना ते अजिबात सोसत नाही.

मी आलो तो नकाशांच्या एका कार्यालयात. जमिनींचे जुने, हाताने काढलेले नकाशे तिथे संगणकावर उतरवायचे. कुणाची भिंत कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते, हे सगळं केसाएवढ्या रेषेवर ठरायचं. तिथल्या ताईंचा हात सगळ्यांत पक्का. जुन्या पडद्याने डोळे चुरचुरतात म्हणून त्यांनीच साहेबांच्या मागे लागून, डोळ्यांना त्रास न देणारा मॉनिटर मागवून घेतला होता. तो मी.

"किती स्वच्छ दिसतंय हो!" मला सुरू केल्यावर ताई म्हणाल्या. सुरुवातीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे.

शेजारच्या टेबलावर एक काका बसत. मोठा प्रेमळ माणूस. "अहो ताई, एवढा भगभगीत उजेड! अशाने डोळ्यांची वाट लागेल," असं म्हणून त्यांनी माझं बटण दाबलं आणि उजेड निम्म्यावर आणला. त्यांनी ते मायेने केलं, आणि माझी थरथर सुरू झाली.

त्याच आठवड्यात ताईंचं डोकं दुखू लागलं. काकांनी उजेड आणखी कमी केला. मग ताईंना मळमळू लागलं, एक रेष दोन दिसू लागली. आता ताईंनी स्वतःच उजेड तळाला नेला. मी आतून किंचाळत होतो, 'अहो, वाढवा, वाढवा!' पण बाहेर फक्त नकाशा दिसत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं.

ताईंनी साहेबांकडे पुन्हा तक्रार केली. साहेब येऊन माझ्यासमोर पाच मिनिटं बसले. "छान दिसतंय की! मला तर काही होत नाही." मग जो तो येऊन पाच मिनिटं बसून गेला आणि प्रत्येकाने तेच सांगितलं. हळूहळू मागे कुजबूज सुरू झाली. कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय! ताईंच्या कानावर ते जायचंच. एकदा त्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसल्या होत्या, तेव्हा कुणीतरी मोठ्याने हसलं. मला फार वाईट वाटलं.

शेवटी व्हायचं ते झालं. ताईंची एक रेष सरकली आणि एका घराचं मागचं अंगण नकाशात शेजाऱ्याच्या वाट्याला गेलं. दोन्ही घरं कार्यालयात येऊन भांडली. साहेबांनी ताईंना आत बोलावलं. "राजीनामा द्या. निदान बदनामी तरी होणार नाही."

निरोपाच्या दुपारी सगळे माझ्याभोवती जमले. हातात फुलं घेऊन ताई माझ्याशेजारी उभ्या होत्या. काका मोबाइलवर चित्रीकरण करत होते. अचानक ते थांबले.

"हे काय? मॉनिटरवर हे काळे पट्टे कसले?"

डोळ्यांना न दिसणारं मोबाइलच्या कॅमेऱ्याने पकडलं होतं. ताईंनी वाकून पाहिलं. मग हळूच माझ्या बटणावर बोट ठेवून उजेड वाढवत नेला. पट्टे बारीक झाले, नाहीसे झाले. पुन्हा कमी केला. पट्टे परत आले.

"काका, हेच," ताई म्हणाल्या. "हेच माझ्या डोक्यात चालायचं."

काकांनी मोबाइल खाली ठेवला. त्यांना मान वर करवेना.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" साहेब म्हणाले.

"रोज सांगत होते, साहेब."

साहेबांनी घसा खाकरला. त्या जागेवर दुसऱ्या माणसाची नेमणूक झाली होती, पत्र गेलं होतं, आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. ताईंनी पर्स खांद्याला अडकवली आणि त्या गेल्या. फुलं टेबलावरच राहिली.

मित्रांनो, आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझं काय व्हायचं ते होवो. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी सांगितलं की मला त्रास होतोय, तर पाच मिनिटं बसून त्याला खोटं ठरवू नका. तिथे दिवसभर तो बसतो, तुम्ही नाही. दिवा बदलता येतो, मॉनिटरही बदलता येतो. ताईंना मात्र नकाशांच्या कामावर पुन्हा कुणी घेतलेलं नाही. त्या चुका करतात, असंच अजून सगळीकडे सांगितलं जातं.