सतरावी बाब

"सतरावी बाब मी काढून टाकली," नवरा म्हणाला आणि त्या ओळीवर पट्टी ठेवून त्याने पेन्सिलीची सरळ रेघ मारली. खाडाखोड करतानासुद्धा त्याला पट्टी लागायची.

काटेबाई कपांत चहा ओतत होती. "सतरावी म्हणजे कुठली?"

"जुना ओटा तोडणे आणि राडारोडा हलवणे. बेचाळीस हजार चालले होते फुकट. मिस्त्रीशी बोललोय मी, जुन्या दगडावरच नवा दगड बसतो. हल्ली सगळे तसंच करतात."

"म्हणजे ओटा आणखी वर जाणार."

"दीड इंच. फार तर पावणेदोन."

तिने किटली खाली ठेवली. ती अशी ठेवली की मुलाने मोबाइलमधून मान वर काढली आणि सुनेने कपाटांच्या रंगांचं पुस्तक मिटलं. नवऱ्याने मात्र अठरावी बाब वाचायला घेतली होती. अठरावी बाब धूर ओढून घेणारी चिमणी होती आणि ती राहिली होती.

काटेबाई हे नाव तिला ट्रकवाल्यांनी दिलेलं होतं. गावाबाहेरच्या वजनकाट्यावर, काचेच्या केबिनमध्ये बसून तिने एकतीस वर्षं ट्रक तोलले. रिकामी गाडी तोलताना केबिनमध्ये माणसं दडवून आणणारे, पाण्याचं पिंप भरून आणणारे, चाक हळूच काट्याच्या बाहेर ठेवणारे असे सगळे नग तिने पाहिले होते. ती जागची न उठता माइकवरून म्हणायची, "सीटमागचे दोघं खाली उतरा," आणि दोघं मुकाट्याने उतरायचे. वीस किलोची लबाडी तिच्या हातून कधी सुटली नाही. लाच घेऊन आलेला एक जण तर तिचा नुसता चेहरा पाहून परत गेला होता, असं अजून सांगतात.

आणि घरात तिच्यासमोर ढळढळीत लबाडी चालली तरी ती चहा ओतत बसायची. याचाच तिला आता संताप येत होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता.

तो ओटा सासूबाईंनी बांधून घेतलेला होता. नवऱ्याच्या घराण्यात सगळे ताडमाड, आणि सासूबाईंच्या उंचीपुढे तर दाराची चौकट लाजायची. ओटा त्यांच्या मापाचा झाला, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. काटेबाईची उंची चार फूट दहा इंच. लग्न होऊन आली तेव्हा ओटा तिच्या बरगड्यांपाशी येत होता. "होईल सवय," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. काही दिवस तिने पायाखाली पाट घेऊन पाहिला, पण एकदा हातात उकळतं पातेलं असताना तो कलंडला आणि मनगट भाजलं, तेव्हापासून पाट बंद. मग ती खांदे वर करून चिरायची, कोपरं वर करून मळायची. पातेल्यात डोकावणं जमायचं नाही म्हणून आत काय शिजलंय ते वासावरून ओळखायची. सकाळी डबे करून काट्यावर जायची आणि संध्याकाळी येऊन पुन्हा त्याच ओट्याशी उभी राहायची. उजवा खांदा हळूहळू धरत गेला. आता तो हात पाठीमागे जात नव्हता. डॉक्टरांनी विचारलं होतं, वजनं उचलता का? ती म्हणाली, नाही हो, मी वजनं फक्त मोजते.

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा नवऱ्यानेच स्वयंपाकघराचा विषय काढला. पैसे तिचे, पण अंदाजपत्रक त्याचं, कारण अंदाजपत्रक हा त्याचा प्रांत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याने जन्मभर तेच केलं होतं. सून भिंतभर उंच कपाटं मागत होती, मुलाला चिमणी आणि भांडी धुण्याचं यंत्र हवं होतं, नवऱ्याला प्रत्येक गोष्टीची तीन दरपत्रकं हवी होती. काटेबाईने एकच मागितलं. ओटा खाली घ्या. नवऱ्याने मान डोलावली आणि तिच्यादेखत वळणदार अक्षरात सतरावी बाब लिहिली. पहिल्या मसुद्यात ती होती, दुसऱ्यात होती, तिसऱ्यातही होती. चौथ्यात एकूण बेरीज ठरलेल्या रकमेबाहेर गेली आणि काय कापायचं हा प्रश्न आला.

काय कापायचं हे त्याला विचार न करताच ठाऊक होतं. त्याच्या कचेरीची रीतच तशी होती. पैसे कमी पडले की आधी तोडफोडीची बाब उडवायची. नवी टाकी, नवा नळ यांचं उद्घाटन होतं, तोडलेल्या गोष्टीचं कुणी उद्घाटन करत नाही. मग जुन्या पाइपावरच नवा पाइप टाकायचे, जुन्या भिंतीला चिकटून नवी भिंत उभी करायचे. तिथे पुढे काय व्हायचं ते पाहायला तो कधी गेला नव्हता. त्याचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं.

"मी एकच गोष्ट मागितली होती," ती म्हणाली.

"अगं, मागितलीस ना. कुणी नाही म्हणतंय? पण बेचाळीस हजारात काय काय येतं ते बघ. दीड इंचाने असा काय फरक पडतो?"

मुलगा म्हणाला, "आई, इतकी वर्षं चाललंच ना? तुझा हात बसलाय आता त्यावर."

सून त्यातल्या त्यात मनाने बरी. तिला सासूचा चेहरा दिसला. म्हणाली, "आई, तुमच्यासाठी एक घडीचं स्टूल बघितलंय मी. छान आहे, घसरत नाही. रंगही कपाटांना मॅच होतो."

काटेबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिच्याच पैशांनी तिलाच आणखी दीड इंच खाली ढकलायचं, आणि वर शोभेचं स्टूल द्यायचं. काट्यावर असती तर तिने तिघांना एकेक करून खाली उतरवलं असतं. इथे तिने कप उचलले आणि विसळले, आणि विसळताना तिचा खांदा कानापर्यंत गेला. तोही कुणाला दिसला नाही. रोजचाच होता.

सोमवारी सकाळी मिस्त्री आला. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. हत्यारांची पिशवी त्याने दारातच ठेवली आणि आधी स्वयंपाकघर नीट पाहून घेतलं. नवऱ्याने त्याच्या हातात अंदाजपत्रकाची प्रत दिली. ती मिस्त्रीने बिनवाचता घडी करून खिशात घातली, त्याचं नवऱ्याला फार वाईट वाटलं. मग मिस्त्रीने ओट्याच्या कडेवर तळहात ठेवला, स्वतःच्या पोटाशी लावून पाहिला आणि विचारलं, "इथं स्वयंपाक कोण करतं?"

प्रश्न साधा होता. काटेबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. सून ऑफिसला निघताना पर्स शोधत होती, मुलगा वर अंघोळीला गेला होता.

"तसं आम्ही सगळेच करतो," नवरा म्हणाला.

त्याला त्यात काही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, हेच खरं भयंकर होतं. वर्षातून दोनदा तो चहा टाकायचा आणि साखर कुठे आहे ते विचारायचा. एकतीस वर्षं काटेबाईने सीटमागे दडलेली माणसं ओळखली होती. इथे एक अख्खं माणूस डोळ्यांदेखत गायब केलं गेलं आणि ते माणूस ती स्वतः होती.

मिस्त्रीच्या पिशवीतून तिने मोठा हातोडा काढला. उजवा हात वर जाईना म्हणून तो डाव्यात घेतला, उजव्याचा नुसता आधार दिला आणि ओट्याच्या कडेवर हाणला.

पहिल्या घावाला काहीच झालं नाही. सासूबाईंचं काम पक्कं होतं. दुसऱ्याला कपचा उडाला. तिसऱ्याला दगड आडवा, भिंतीपर्यंत तडकला आणि पुढचा तुकडा धाडकन खाली पडून फरशीचे टवके उडाले. मुलगा टॉवेलवरच जिन्यातून धावत आला. सुनेने पर्स छातीशी धरली.

"अगं, हे काय? हे अंदाजपत्रकात नाहीये," नवरा म्हणाला. इतक्या वेळात त्याला एवढंच सुचलं.

"मग लिहा," ती म्हणाली. आवाज काट्यावरचा होता, माइकशिवायही रस्त्यापर्यंत गेला असता. "सतरावी बाब. जुना ओटा तोडणे. लिहा."

"पण पैसे कुठून आणायचे?"

"चिमणी कापा. वरची कपाटं कापा, माझा हात तिथवर जात नाही आणि तुमचा कुणाचा त्यांना लागणार नाही. तुमचा तो दहा टक्के आकस्मिक खर्च आहे ना? हा आकस्मिक खर्च. स्वयंपाक सगळेच करतो म्हणे. एकतीस वर्षांत या ओट्यावर तुम्ही केलेला एक पदार्थ सांगा. एकच सांगा, मी स्टूल घेते."

मुलगा टॉवेल सावरत फरशीकडे पाहत राहिला. सून पुढे झाली, दगडाचा तुकडा पायाने बाजूला सारला आणि हळूच म्हणाली, "बाबा, वरची कपाटं नकोत. लिहा तुम्ही."

नवऱ्याने पेन्सिल काढली. पट्टी बाहेरच्या टेबलावर राहिली होती, ती आणायला तो गेला नाही. हातानेच लिहिलं आणि ओळ तिरकी गेली.

मिस्त्रीने तिच्या हातातून हातोडा घेतला, बाजूला ठेवला आणि टेप काढली. "ताई, मग माप तुमचंच घेतो. रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा. कोपर वाकवा."

ती तुटलेल्या ओट्यासमोर उभी राहिली. रागाने अजून धाप लागत होती. तिने कोपर वाकवलं. मिस्त्री टेप घेऊन खाली वाकला आणि थांबला.

"टाचा टेकवा, ताई."

"टेकल्यात की."

मिस्त्री तिच्या पायांकडे पाहत होता, म्हणून नवऱ्यानेही पाहिलं, आणि मग तिने पाहिलं. दोन्ही टाचा जमिनीपासून दोन बोटं वर होत्या.

तिने त्या खाली दाबल्या. पोटऱ्यांच्या शिरा ताणल्या गेल्या, टाचा फरशीला लागल्या आणि तिने श्वास सोडला तशा पुन्हा वर आल्या. तिने ओट्याची फुटकी कड धरून परत दाबल्या.

"सावकाश," मिस्त्री म्हणाला. "घाई नाही आपल्याला." आणि टेपचं टोक बोटाखाली धरून तो फरशीवर बसून राहिला.