ताईची चाळीस सेकंदं

कानसेनचं खरं नाव घरचेही विसरत चालले होते. गाण्यांतले आवाज नीट बसवून देणं हा त्याचा धंदा, आणि कान इतका तिखट की दोन खोल्यांपलीकडे गळणारा नळही त्याला सुखाने जेवू द्यायचा नाही. अशा माणसाच्या पदरी देवाने मुलगी घातली ती कुजबुजली तरी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. सात वर्षांची. तो तिला भोंगा म्हणायचा.

दोन वर्षं एकच गोष्ट त्याला आतून पोखरत होती. त्याच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, एक गाणं त्याने रेकॉर्ड केलं होतं. गाणं संपलं की चाळीस सेकंद कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, ही त्याची शिस्त. खोलीची नुसती शांतताही पुढे कामाला येते. त्या चाळीस सेकंदांत ताईचे ओठ हलले. काचेच्या अलीकडून त्याने ते पाहिलं होतं.

"काय गं म्हणालीस?" त्याने नंतर विचारलं.

"काही नाही रे," म्हणून ताईने चपला घातल्या. त्यानंतर अकराव्या दिवशी ती वारली. ते एवढं एकदा ऐकायला मिळालं असतं, तर उरलेलं आयुष्य बहिरा होऊन काढायलाही तो तयार होता.

रेकॉर्डिंगमधून ते पुसट शब्द वर काढायचे नाना उपाय करून झाले. मग एका दुपारी, बायको कामावर आणि भोंगा पुढच्या खोलीत तारस्वरात गात असताना, त्याला एक फुकटचं प्लगइन, म्हणजे आवाजाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, सापडलं. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. फुकट ते पौष्टिक म्हणत त्याने उतरवून घेतलं. काम तसं साधंच: आवाजाचे जाड, मधला, बारीक असे तीन पट्टे करायचे, प्रत्येकात जो मोठा त्याला खाली दाबायचं, जो लहान त्याला वर काढायचं, आणि शेवटी थोडी खरखर मिसळायची, म्हणजे पुसट आवाजालाही धार येते.

त्याने बटण फिरवलं. शांततेतून आधी खुर्चीची करकर वर आली. मग ताईचा श्वास.

पण कॉम्प्युटर जुना. तीन पट्टे एकदम पेलेनात, दोनदा बंद पडला. तेव्हा कानसेनने तीच चूक केली, जिच्यासाठी त्याने हाताखालच्या कितीतरी जणांना फैलावर घेतलं होतं: केलेला बदल मूळ रेकॉर्डिंगवरच पक्का केला. दुसरी प्रत ठेवली होती का? दिव्याखाली अंधार, नव्हती ठेवली. मग दर फेरीला तो तेच करत गेला. बदल पक्का करायचा, त्यावर पुन्हा प्लगइन लावायचं.

दुसऱ्या फेरीत ताईने गिळलेला आवंढा ऐकू आला. तिसऱ्या फेरीत, खरखर वाढवल्यावर, अगदी कानात: "बाळ्या."

त्याला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस होतं. कानसेन लहान पोरासारखा रडला. "बाळ्या, तुला एक..." आणि पुढचं पुसट. आणखी एक फेरी लागणार होती.

डोळे पुसायला त्याने हेडफोन काढले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की भोंग्याचं गाणं ऐकू येत नाही. चौकटीतली वाळवी लाकूड खात होती ते मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. "भोंग्या!" त्याने हाक मारली, पण त्याचा स्वतःचाच आवाज त्याला कुजबुजीएवढा ऐकू आला.

दार ढकलून ती आत आली. हनुवटी फुटलेली, फ्रॉकवर रक्त. तोंड पडजिभेपर्यंत उघडं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. त्याच्या नाकासमोर उभी राहून ती किंचाळत होती, आणि त्याला नदीपलीकडून यावं तसं कसंबसं ऐकू आलं, "बाबा."

त्याने घाईघाईने प्लगइन काढून टाकलं. काही फरक पडला नाही. मोठ्या आवाजाला ते दाबणं आता रेकॉर्डिंगमध्येच मुरलं होतं, आणि मुरवलं होतं त्यानेच.

एकच फेरी, त्याच्या मनात आलं. एवढं ऐकतो, मग पुसतो. खोटं कशाला बोला, हात आधी बटणाकडेच गेला होता. भोंग्याने त्याची बाही ओढली. रक्ताची चार बोटं बाहीवर उमटली, आणि ती जितकी जोरात किंचाळली तितका तिचा आवाज दबत गेला; आता तेवढासुद्धा येईना.

त्याने रेकॉर्डिंग कचरापेटीत टाकलं. तिचा आवाज निम्मा परत आला. कचरापेटी रिकामी करायला घेतली तर कॉम्प्युटरने विचारलं, कायमचं काढायचं का? त्याने डोळे मिटून हो म्हटलं. तशी ती सगळी किंकाळी एकदम खोलीत फुटली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

त्याने तिला मांडीवर घेतलं, ओल्या कापसाने हनुवटी पुसली. "कुठून पडलीस, राणी?"

"खुर्चीवरून. किती ओरडले मी!" ती हुंदके देत म्हणाली. "आत्या पण म्हणाली, आणखी जोरात ओरड, त्याला ऐकू येत नाहीये."

कापूस धरलेला हात तिथेच थांबला. "आणि? आणखी काय म्हणाली?"

"सांगतच होती ना," भोंग्याने नाक पुसलं. "तेवढ्यात तू तिला बंद केलंस."