गुरुबंधूची सही

विद्यापीठात सगळे तिला जर्मनबाई म्हणत. उभं आयुष्य जर्मन कविता आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात, त्यावर जाडजूड पुस्तकं लिहिण्यात गेलं होतं; नाव तिला आवडायचंही. पण त्या दुपारी विभागप्रमुखांच्या खोलीत ती शिरली ती नाइलाजाने. त्यांच्या जावयाची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. प्रबंध तिने वाचला होता. मूळ जर्मन पान या गृहस्थाने बापजन्मात उघडलेलं नव्हतं.

दिलासा एवढाच, की दुसरे परीक्षक तिचे गुरुबंधू होते. दोघं एकाच सरांच्या हाताखाली घडलेली. जर्मन विचारातल्या 'कर्तव्या'वर त्यांनी लिहिलेलं पुस्तक ती दरवर्षी वर्गात शिकवायची.

तिने एक पुस्तक पुढे सरकवलं. "एवढा परिच्छेद वाचा."

जावई हसला. "मॅडम, मी भाषांतरावरून काम केलंय."

"कोणाच्या भाषांतरावरून?"

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्याने केकची बशी तिच्याकडे ढकलली. "घ्या हो बाई. परीक्षा काय, होतच राहते."

गुरुबंधू खातच होते. मिशीला क्रीम लागलं होतं. "प्रश्न पुरेत आता," ते म्हणाले. "मुलगा होतकरू आहे."

तिने त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. "तुम्ही प्रबंध वाचलात?"

"चाळला. अगं, माझ्या मुलीची इथेच मुलाखत आहे पुढच्या महिन्यात. अडला हरी, दुसरं काय."

"आणि तुमचं ते कर्तव्य?"

"ते पुस्तकात शोभतं," ते म्हणाले, आणि रुमालाला बोटं पुसत आत जाऊन त्यांनी सही ठोकली.

तिने सही केली नाही. केकला हातही लावला नव्हता, तरी नळाखाली कितीतरी वेळ हात चोळत राहिली.

तिच्या सहीवाचून काही अडलं नाही. तिसरा परीक्षक सापडला, जावई डॉक्टर झाला, आणि नव्या सत्रात तत्त्वज्ञानाचा तास त्याच्याकडे गेला. जर्मनबाईच्या वाट्याला पहिल्या वर्षाची मुळाक्षरं आली. ती निमूट शिकवू लागली. निदान मुलांना ती अक्षरं खरंच शिकायची होती.

मुलीला नोकरी लागल्यावर गुरुबंधूंचा फोन आला. "राग गेला का गं?"

"राग नव्हताच," ती म्हणाली. "किळस आली होती. ती काही जात नाही."

पलीकडे ते हसले, नेहमीसारखेच मोकळे. तिने फोन ठेवून दिला.