पुसलेली फरशी

बँकेच्या लिलावातली घरं मी आतून न बघताच घेते. कुलूप उघडलं की नळ उपटलेले, वायरी ओरबाडलेल्या. ज्याचं घर जातं तो राग काढणारच. मोडकं घर मला चालतं. या वेळी आमचं राहतं घर गहाण टाकून एक घर घेतलं, उघडलं, तर आतली फरशी नुकतीच पुसल्यासारखी ओली!

मी कुलूप बदललं. दुसऱ्या दिवशीही फरशी ओलीच. खिडक्या बंद, नळाला पाण्याचा थेंब नाही.

"आई, घर जाणार या धसक्यानंच इथली मालकीण गेली म्हणतात," सून पुटपुटली.

"मग मोलकरणीचा पगार वाचला," मी म्हणाले.

तीन महिन्यांत ते घर विकलं नसतं, तर आमचंच घर लिलावात गेलं असतं. शेवटच्या आठवड्यात एक जोडपं आलं.

"अगंबाई, किती लख्ख! कोण पुसतं हो?" बायकोनं विचारलं.

खरं सांगितलं असतं तर दोघांनी जिनाच गाठला असता.

"मीच," मी तोऱ्यात म्हणाले. "मला दुसऱ्याचा हात पटत नाही."

आत बादली सरकल्याचा आवाज झाला.

घर विकलं, आमचे गहाणाचे कागद सुटले. दुसऱ्या सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला, तर फरशी ओली. शेजारच्या खोलीत सून घोरत होती.

"कोण पुसतंय गं?" मी ओरडले.

स्वयंपाकघरातून शांतपणे उत्तर आलं, "मीच. मला दुसऱ्याचा हात पटत नाही."